जॉन डिअर 110 : विकताना किती हाती लागते?

अमेरिकेतला हा बागेचा ट्रॅक्टर 1963 चा. पहिल्या वर्षी 7 अश्वशक्तीचे कोहलर इंजिन, नंतर 8. 1967 पर्यंतच्या गोल मडगार्डवाल्यांना मागणी जास्त. सीरियल प्लेट आणि मूळ इंजिन शाबूत असेल तरच चढा भाव मागा. रंगावरचा खर्च मात्र बहुधा वसूल होत नाही. उलट गंजावर मारलेला जाड रंग जाणकाराला लगेच खटकतो. भाव ठरवताना जाहिरातींतले आकडे सोडा, झालेले सौदे पाहा. थंड इंजिन सुरू होतानाचा व्हिडिओ आणि सुट्या भागांची बिले दाखवा. व्हेरिएटरचा, म्हणजे वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणेचा, पट्टा घसरत असेल तर आधी बदला, नाहीतर गिऱ्हाईक गिअरबॉक्सवरच शंका घेते. पुढे लावायचे बर्फ हटवण्याचे पाते वेगळे, हिवाळ्याआधी विका.