बंडूच्या उड्या बंद करून देतो म्हणाला आणि ४४,७५० रुपये घेऊन गेला

बहिणीला मी वीस हजार सांगितलेत. सोसायटीत तर "थोडेफार गेले" एवढंच. खरा आकडा आज पहिल्यांदा लिहितेय. ट्रेनर म्हणवणाऱ्या माणसाने ४४,७५० रुपये घेतले आणि त्याने जे करून ठेवलं ते निस्तरायला डॉक्टरांकडे आणखी ३,८४० गेले. एकूण ४८,५९०. लिहायला लाज वाटतेय, पण गेले चार महिने गप्प बसून त्या माणसाचाच फायदा झालाय.

बंडू आमचा चॉकलेटी लॅब्रॅडोर. तेव्हा चौदा महिन्यांचा, वजन ३१ किलो. इतका गरीब की खालच्या मजल्यावरची मांजर त्याच्या ताटलीत तोंड घालते आणि हा नुसता बघत बसतो. खोड एकच. दारात माणूस दिसला की दोन्ही पंजे थेट छातीवर. पिल्लू असताना त्याचं सगळ्यांनी कौतुक केलं होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बेल वाजली, सासूबाई तिळगुळाचा डबा घेऊन दाराकडे निघाल्या आणि मागून हा धावत आला. त्या चौकटीवर आपटल्या. वय ७८. उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. त्या स्वतः म्हणत होत्या, "त्याला रागावू नकोस गं, त्याला काय कळतंय." पण आलेल्या बायकांपैकी एकीने माझ्यासमोर ह्यांना विचारलं, "घरातल्या माणसांपेक्षा कुत्रा जास्त झाला का?"

आता सगळे मला विचारतात, चौकशी करायची नाही का आधी? घरात प्लास्टरमधलं म्हातारं माणूस, त्यांना दोन वेळा भरवायचं, वेणी घालायची, आणि प्रत्येक बेलला कुत्र्याला ओढत बेडरूममध्ये कोंडायचं. सोसायटीचं पत्रही आलं होतं. अशा वेळी कोण कुठे चौकशी करत बसतं ते मला सांगा.

मोबाइलवर त्याची जाहिरात दिसली. "२१ दिवसांत उड्या बंद, नाहीतर पूर्ण पैसे परत." पुढची चाल तुम्हाला माहीतच आहे, या लोकांची ती ठरलेली असते. आधी लहान रक्कम, मग घाई, मग "तुमची केस वेगळी आहे". घरी येण्याचे ७०० रुपये त्याने रोख घेतले. बंडूने नेहमीसारखी झेप घेतली तशी त्याने पट्टा मानेशी धरून पिळला, गुडघा छातीत मारला, आणि चार मिनिटांत बंडू कोपऱ्यात गप्प. "मॅडम, हा स्वतःला घराचा मालक समजतो. तुम्हाला खालचा मानतो. हे त्याच्या डोक्यातून काढावं लागतं." मी मान डोलावली. जागा राखून ठेवायला त्याच दिवशी १५,०००, कारण "उद्या दुसऱ्या पार्टीला दिली तर पुढच्या महिन्यातच नंबर". बंडूला गाडीत घालताना १२,५००. खाण्याचे दिवसाला २५० प्रमाणे २१ दिवसांचे ५,२५०.

बिल मागितलं. "जीएसटी लावला तर तुम्हालाच महाग पडेल." क्यूआर कोड स्कॅन केला तर त्याचं नाव आलंच नाही, कुठल्याशा किराणा दुकानाचं आलं. म्हणाला, भावाचं दुकान आहे. बायांनो आणि दादांनो, स्क्रीनवर दुसऱ्याचं नाव आलं की पिन टाकू नका. माणूस समोर उभा राहून हसत असला तरी टाकू नका. मी तिथे थांबले असते तर ७०० रुपयांवर सुटले असते.

आता त्या बादलीचं सांगते. हेच लिहायला सगळ्यात जड जातंय.

शहराबाहेर त्याचं "फार्म" होतं. तिथून तो व्हिडिओ पाठवायचा. तिसऱ्या दिवशी, सहाव्या, नवव्या, अकराव्या, चौदाव्या. प्रत्येकात एक माणूस फाटकातून आत येतो, बंडू जमिनीवर बसून राहतो, उडी मारत नाही. मागे पत्र्याची भिंत, भिंतीशी एक लाल बादली आणि बादलीच्या काठावर वाळत टाकलेलं पट्ट्यापट्ट्यांचं फडकं. फडक्याचं एक टोक आत दुमडलेलं. पाचवा व्हिडिओ आला तेव्हा मी सासूबाईंना वरणभात भरवत होते. डाव्या हातात फोन होता. मला ते फडकं दिसलं. तेच टोक, तसंच दुमडलेलं. अगदी स्पष्ट आठवतंय, मनात आलं की अकरा दिवसांत हे फडकं कुणी उचललंच नाही का? आणि मी काय केलं? "खूप छान सर" असं लिहिलं, शेजारी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि पुढचा घास भरवला.

पाचही व्हिडिओ एकाच दिवशी, बहुतेक तासाभरात काढलेले होते. बाकीचे दिवस बंडू पिंजऱ्यात होता. न कळल्याचं दुःख वेगळं असतं. मला दिसलं होतं.

आणि बादली सोडा, मी बंडूकडे तरी कुठे नीट पाहिलं? नंतर आमच्या डॉक्टर मॅडमनी तोच व्हिडिओ थांबवून मला दाखवला. शेपूट पोटाखाली घेतलेली. कान मागे चिकटलेले. माणूस जवळ येतो तसा तो ओठ चाटतोय, जांभई देतोय, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसतोय. "हा शिकलेला नाही, हा घाबरलाय," त्या म्हणाल्या. मी तो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर अभिमानाने टाकला होता.

एकविसाव्या दिवशी फोन. "केस हट्टी आहे, आणखी सात दिवस लागतील," ६,५००. शिवाय घरी लावायला खास पट्टा, "नुसती थरथर होते, त्रास काही नाही," ४,८००. मी म्हटलं, एकदा भेटायला येते. "घरचा वास लागला की सगळं ट्रेनिंग वाया." ज्या जागी मालकाला पाय ठेवू देत नाहीत तिथे जनावर ठेवू नका. मी हे स्वतःच्या पैशाने शिकलेय.

अठ्ठाविसाव्या दिवशी बंडू घरी आला. मला पाहून उडी मारली नाही. शेपूटही हलवली नाही. सरळ दिवाणाखाली जाऊन बसला आणि रात्रीपर्यंत बाहेर आला नाही. वजन २६ किलो ४०० ग्रॅम. मानेखाली, बरोबर पट्ट्याच्या दोन खिळ्यांच्या जागी, दोन ओल्या जखमा, भोवतीचे केस झडलेले. तो थरथरीचा पट्टा शॉकचा होता आणि दिवसचे दिवस काढलाच नव्हता. ड्रेसिंग, इंजेक्शन, गोळ्या मिळून ३,८४०. तिसऱ्या दिवशी बेल वाजली तर जागेवरच लघवी केली, आणि जो कुत्रा आयुष्यात कुणावर गुरगुरला नव्हता तो दूधवाल्यावर दात दाखवून गुरगुरला. माणूस दारात आला की मानेला झटका बसतो, एवढंच त्याला शिकवून पाठवलं होतं. त्याने माणसाचीच धास्ती घेतली.

"पूर्ण पैसे परत" ची आठवण करून दिली तर उत्तर आलं, "तुम्ही घरी नियम पाळले नाहीत." दुसऱ्या दिवशी त्याने मला ब्लॉक केलं. ह्यांच्या फोनवरून लावला तर बंद.

मग सुरू झाल्या फेऱ्या. चौकीत पहिल्यांदा गेले तेव्हा टेबलामागच्या माणसाने मान वर न करताच विचारलं, "कुत्रं चोरीला गेलं का?" नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग परत मिळालंय ना?" आणि शेजारचा हसला. मी पन्नाशीची बाई, हातात जखमांचे फोटो, पैसे पाठवल्याचे सगळे पुरावे छापून नेलेले, आणि ते हसले. दुसऱ्या वेळी सांगितलं, हा दिवाणी मामला आहे. तिसऱ्या वेळी, फार्म ग्रामीण हद्दीत येतं, तिकडे जा. तिकडे दीड तास प्रवास करून गेले, तर पैसे शहरातून पाठवलेत म्हणून शहरात जा. चौथ्या वेळी साहेब बंदोबस्ताला. पाचव्या वेळी नुसता अर्ज घेतला, पोच मागितली तर कपाळाला आठ्या. बँकेत गेले तर म्हणे, पिन तुम्हीच टाकला होतात. जणू फसवलेला माणूस पिन दुसऱ्याकडून टाकून घेतो!

हद्दीचं कारण खोटं होतं हे मला नंतर कळलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही हद्दीत देता येते. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेतलं ३१८ आहे, जुनं ४२० विसरा. ठाण्यात घेत नसतील तर तीच तक्रार लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. हे मला त्या पाच फेऱ्यांत एकाही वर्दीवाल्याने सांगितलं नाही. भाचा वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याने सांगितलं.

आणि क्रूरतेचं काय? कायदा १९६० चा. जनावराला असे हाल केल्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५० रुपये. तोच आकडा अजून चालू आहे. पार्किंग चुकलं तर याहून जास्त भरावे लागतात. कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याला २०१७ च्या नियमांनी नोंदणी लागते, पाळीव प्राण्यांच्या दुकानाला २०१८ च्या. ट्रेनरची पाटी लावायला काय लागतं? रंग आणि ब्रश. माझ्या दारात आलेल्या त्या माणसाला कुणी कधी काही विचारलंच नव्हतं, आणि मी विचारायला गेले तर मलाच वेड्यात काढलं.

शेवटी ग्राहक आयोगात जायचं ठरवलं. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तिथे फी नाही, तक्रार ऑनलाइन करता येते, मुदत दोन वर्षं. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. पैसे ऑनलाइन फसवणुकीत गेले असतील तर १९३० वर, आणि त्याच तासात. मी महिनाभर "देईल, देईल" म्हणत थांबले, ही माझी चूक. चॅट पुसू नका. रागाच्या भरात ह्यांनी त्याचे सगळे व्हॉइस मेसेज पुसले होते, त्यात हमीचं बोलणं होतं.

जे काम तो ४४,७५० रुपयांत करणार होता ते डॉक्टर मॅडमनी तपासता तपासता दहा मिनिटांत समजावलं. पिल्लं आईचं तोंड चाटायला उडी मारतात. माणसाचं तोंड उंचावर, म्हणून हे आपल्या छातीपर्यंत येतात. मालकबिलक काही नाही, ही त्यांची भेटायची रीत आहे. हाताने ढकललं की त्याला खेळ वाटतो, ओरडलं तरी लक्ष मिळालंच. गुडघा मारायचा नाही, बरगडीला इजा होते. उडी मारली की पाठ फिरवायची, बोलायचं नाही, बघायचंही नाही. चारही पाय जमिनीवर टेकले की त्याच क्षणी खाऊ, तोही खालीच, त्याच्या तोंडाच्या पातळीवर. पाहुणे येणार असतील तर पट्ट्याला दोरी बांधून दोरीवर पाय ठेवायचा, दोरी इतकीच सैल की त्याला उभं राहता यावं, उडी घेता येऊ नये. पहिले काही दिवस उड्या उलट वाढतात, तिथे लोक हार मानतात. आणि नियम घरातल्या सगळ्यांना एक. त्यांनी हे विचारलं तेव्हा ह्यांनी खाली पाहिलं. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर "आलं आलं माझं पोरगं" म्हणत ते रोज त्याला छातीशी घ्यायचे. आम्ही दिवसभर ढकलायचो, संध्याकाळी बक्षीस द्यायचो.

बंडूला आता उड्यांचं शिकवायच्या आधी दारात आलेलं माणूस मारत नाही हे शिकवावं लागतंय. दारापासून लांब, सतरंजीवर बसवून, मोबाइलवर बेलचा आवाज अगदी हळू लावायचा आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा. रोज सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं. सासूबाई खुर्चीत बसून मोजतात. प्लास्टर निघालंय, पण मूठ अजून पूर्ण वळत नाही, तरी तुकडा त्याच हाताने देतात. गेल्या आठवड्यात बेलच्या आवाजाला पहिल्यांदा त्याची शेपूट थोडी हलली.

हे सगळं आजच लिहायचं कारण सांगते. काल शेजारच्या मुलीने मला तिच्या फोनवर जाहिरात दाखवली. नवं नाव, नवा नंबर, "२१ दिवसांत उड्या बंद, नाहीतर पूर्ण पैसे परत". खाली "आमचा यशस्वी विद्यार्थी" म्हणून व्हिडिओ. पत्र्याची भिंत, लाल बादली, पट्ट्यापट्ट्यांचं फडकं आणि शेपूट पोटाखाली घेऊन बसलेला चॉकलेटी लॅब्रॅडोर. हा व्हिडिओ दिसला तर एक रुपयाही पाठवू नका. तो कुत्रा आमचा बंडू आहे.