बदामाचं दूध की ओट्सचं?

बदामदुधाची खरी किंमत पाण्यात मोजावी लागते. २०१८ साली ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत आलेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार एक लिटर बदामदुधामागे सुमारे ३७१ लिटर पाणी लागतं, ओट्सच्या दुधामागे ४८. (गाईच्या दुधामागे ६२८, हेही लक्षात असू द्या.) जगातले बहुतांश बदाम कॅलिफोर्नियात पिकतात. तिथे वारंवार दुष्काळ पडतो आणि बागा सिंचनावर जगतात. शिवाय दर फेब्रुवारीत परागीभवनासाठी मधमाश्यांच्या लाखो पेट्या ट्रकमधून दूरदूरहून आणतात. त्या माश्यांच्या हालांबद्दल डब्यावर एक अक्षर नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. आणि हाती काय लागतं? अनेक डब्यांत बदाम जेमतेम दोन-तीन टक्के, कपभर दुधात प्रथिनं साधारण १ ग्रॅम.

ओट्स थंड हवेत, बहुतेक ठिकाणी पावसावरच येतात. त्यांचा छुपा खर्च साखरेत आहे. दूध बनवताना विकरं (एन्झाइम) स्टार्च फोडतात, त्यातून माल्टोज नावाची साखर तयार होते. म्हणून वरून साखर न घालताही ते गोड लागतं. मधुमेह असेल तर बिनसाखरेचं बदामदूध बरं. बाकीच्यांनी मात्र ओट्सचंच घ्यावं, असं मला वाटतं.