गरोदरपणातील दमा : पंप चालू ठेवावा की बंद करावा?

गर्भधारणा निश्चित झाली की दम्याचा पंप त्याच आठवड्यात कपाटात ठेवला जातो, असे अनेक घरांत घडते. बाळाला औषध लागू नये ही इच्छा सासू-आईची असते, तशी ती बहुतेक वेळा त्या स्त्रीची स्वतःचीही असते. तिच्यापुढे दोन पर्याय असतात आणि दोन्हींत बाळापर्यंत काही ना काही पोहोचतेच : पंप चालू ठेवल्यास औषधाचा अल्प अंश, आणि बंद केल्यास वेळोवेळी अपुरा ऑक्सिजन.

आधी बंद करण्याचा पर्याय पाहू, कारण त्याचा धोका सहसा डोळ्यांआड राहतो. आईच्या धमनीतील ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या सुमारे 100 मिलिमीटर इतका असतो, तर नाळेतून बाळाकडे जाणाऱ्या रक्तात तो जेमतेम 30 ते 35 असतो. बाळाचे हिमोग्लोबिन ऑक्सिजन अधिक घट्ट धरून ठेवते म्हणून एवढ्यावर त्याचे भागते. परंतु हाताशी शिल्लक फारशी नसते, आणि आईला जोराचा झटका आला की ओढाताण आधी तिथे होते. याच संदर्भात रक्ततपासणीतील एक आकडा फसवा ठरू शकतो. गरोदर स्त्रीचा श्वास मुळातच खोल चालत असल्याने तिच्या रक्तातील कार्बन डायऑक्साइडचा दाब 28 ते 32 पर्यंत उतरलेला असतो. त्यामुळे झटक्याच्या वेळी तो 40 आला, तर एरवी नॉर्मल वाटणारा हा आकडा तिच्या बाबतीत फुप्फुसे थकत चालल्याची खूण असते.

परिणामांचे आकडेही उपलब्ध आहेत. अनेक अभ्यास एकत्र करून 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, दमा असलेल्या मातांमध्ये कमी वजनाचे बाळ जन्मण्याचा धोका सुमारे 46 टक्क्यांनी, मुदतपूर्व प्रसूतीचा 41 टक्क्यांनी आणि रक्तदाब वाढून होणाऱ्या प्री-एक्लॅम्प्सियाचा 54 टक्क्यांनी अधिक आढळला. (शंभरातील 46 बाळे कमी वजनाची, असा याचा अर्थ नव्हे, मूळ धोक्यात पडणारी ती भर आहे.) निर्णयाच्या दृष्टीने त्याच विश्लेषणातील पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो : जिथे दम्याचे उपचार नेटाने सुरू ठेवले होते, तिथे मुदतपूर्व प्रसूतीचा जादा धोका लक्षणीय उरला नाही.

आता पंप चालू ठेवण्याची बाजू. रोजच्या पंपात बहुधा बुडेसोनाइडसारखे श्वासातून घ्यायचे स्टेरॉइड असते आणि धास्ती मुख्यतः या शब्दाचीच असते. गरोदरपणाच्या सुरुवातीला बुडेसोनाइड घेतलेल्या मातांच्या 2,014 बाळांची स्वीडनमधील जन्मनोंदणीतून घेतलेली माहिती 1999 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत जन्मजात व्यंगांचे प्रमाण 3.8 टक्के होते आणि सर्वसाधारण बाळांत ते 3.5 टक्के होते, म्हणजे म्हणण्यासारखा फरक नव्हता. पंपाची मात्राही किती लहान असते ते पाहावे : एका फवाऱ्यात बहुधा 200 मायक्रोग्रॅम, तर झटक्यात दिल्या जाणाऱ्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्यांची दिवसाची मात्रा 40 मिलिग्रॅमपर्यंत. नुसत्या वजनाने पाहिले तर हे 200 फवारे झाले. दोन्ही औषधांची ताकद सारखी नसल्याने हा हिशेब काटेकोर नाही, पण रोजचा पंप टाळून शेवटी गोळ्यांची वेळ ओढवून घेणे हा कसा तोट्याचा व्यवहार आहे, हे त्यावरून कळते. अर्थात झटका आल्यावर डॉक्टरांनी त्या गोळ्या दिल्या, तर त्या बाळाच्या भीतीने नाकारू नयेत. तत्काळ आराम देणारा साल्ब्युटामॉलचा पंपही गरोदरपणात चालतो, मात्र तो वारंवार लागू लागणे हे रोजचे औषध कमी पडत असल्याचे लक्षण आहे.

पंपाऐवजी डेरिफायलिनची गोळी हा आपल्याकडचा जुना परिचित मार्ग आहे. तिच्यातील थिओफिलिन वारेतून बाळापर्यंत जाते, शेवटच्या तिमाहीत ते शरीराबाहेर हळू पडत असल्याने रक्तातील पातळी वाढू शकते, आणि मळमळीत भर पडते ती वेगळीच. पंपाच्या तुलनेत ही निवड मला पटत नाही.

"गरोदरपणात दमा आपोआप बरा होतो" हे अर्धवट सत्य आहे. साधारण एक तृतीयांश स्त्रियांचा दमा सुधारतो, तितक्याच जणींचा बिघडतो आणि उरलेल्यांचा आहे तसा राहतो; आपण कोणत्या गटात आहोत ते आधी सांगता येत नाही. त्यासाठी पीक फ्लो मीटर हे, श्वास किती जोराने बाहेर पडतो ते आकड्यात दाखवणारे, फुंकण्याचे साधे यंत्र घरी असावे. नुसत्या गरोदरपणामुळे त्यावरचा आकडा घटत नाही. म्हणून जिना चढताना धाप लागली, पण आकडा नेहमीचाच आहे आणि छातीत घरघर नाही, तर ती धाप बहुधा गरोदरपणाची असते. आकडा नेहमीपेक्षा उतरला असेल, तर दमा उचल खात आहे असे समजून डॉक्टरांशी बोलावे.

प्रसूतीच्या फाइलवर पहिल्याच पानावर "दमा" हा शब्द ठळक लिहून घ्यावा. गरोदरपणात रक्तदाब वाढल्यास सर्रास दिले जाणारे लॅबेटालॉल आणि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठीचे कार्बोप्रोस्टचे इंजेक्शन, ही दोन्ही औषधे दम्याच्या रुग्णांत श्वासनलिका आकसू शकत असल्याने टाळली जातात, आणि त्यांची गरज बहुधा अशा घाईच्या क्षणी पडते की तेव्हा पूर्वीचे आजार विचारायला कोणाला सवड नसते.