आंबेनळी घाट (महाबळेश्वर–पोलादपूर): एक पावसाळा आणि एक हंगाम वापरल्यानंतर

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा हा राज्यमार्ग जेमतेम 40 किलोमीटरचा. वरचं टोक साडेचार हजार फुटांवर, खालचं सावित्री नदीच्या काठी मुंबई–गोवा महामार्गाला मिळतं. जूनपासून स्ट्रॉबेरीचा हंगाम संपेपर्यंत, भर पावसात, धुक्यात आणि कोरड्या उन्हात रस्ता नियमित वापरल्यावर मत पक्कं झालं आहे: या घाटाचं आयुष्य डोंगराकडेच्या गटारावर ठरतं. डांबर कितीही चांगलं पडो, गटार तुंबलं की एका रात्रीत साइडपट्टीसकट जातं.

आधी रचना समजून घ्या, कारण नकाशावर एक दिसणारा हा रस्ता प्रत्यक्षात दोन घाटांचा आहे. पहिला उतार महाबळेश्वरच्या पठारावरून मेटतळ्यामार्गे कोयनेच्या खोऱ्यात येतो. दाट झाडी, सावली, सततची ओल. वाडा-कुंभरोशीला थोडी सपाटी मिळते, तिथून प्रतापगडाचा फाटा फुटतो. इथवर पर्यटकांची वर्दळ असते. फाटा मागे पडला की गाड्या एकदम विरळ होतात आणि दुसरा, जास्त उघडा उतार सुरू होतो तो थेट सावित्रीच्या खोऱ्यात. कोयनेचं पाणी कृष्णेतून पूर्वेच्या समुद्राला जातं, सावित्रीचं बाणकोटच्या खाडीतून पश्चिमेच्या. जलविभाजक ओलांडल्याचा फरक हवेतही कळतो: वर गारठा आणि खाली कापडे गावाजवळ घामाच्या धारा, तेही एकाच तासात.

ही वाट इथेच का, याचं उत्तर महाड बंदरात आहे. सावित्रीतून महाडपर्यंत माल यायचा आणि बैलांच्या तांड्यांनी देशावर चढायचा. जुना मार्ग किनेश्वरहून पार गावाला चढणारा पार घाट. प्रतापगड नेमका या वाटेवर नजर ठेवून उभा आहे. 1656 मध्ये जावळी ताब्यात आल्यावर शिवरायांनी तो बांधून घेतला आणि 10 नोव्हेंबर 1659 ला अफजलखानाचा प्रसंग त्याच्याच पायथ्याशी घडला. खानाचा तळ पारला होता. पारजवळ कोयनेवरचा दगडी पूल शिवकालीन म्हणून ओळखला जातो. फाट्यावरून वाकडी वाट करून तो पाहाच. पुराच्या पाण्याला अंगावर घेऊन उभं राहणारं असं दगडकाम या खोऱ्यात दुसरं नाही.

इंग्रजांनी महाबळेश्वर वसवल्यावर मुंबईची मंडळी आगबोटीने सावित्रीच्या खाडीत दासगावपर्यंत येत आणि तिथून वर चढत. त्या चढणीतला एक टप्पा रडतोंडीचा घाट, आणि नावावरून त्याची दमछाक कळतेच. गाडीरस्ता झाला 1870 च्या दशकात. मुंबईचा गव्हर्नर सर सेमूर फिट्झजेराल्ड याचं नाव त्याला दिलं गेलं. आजचा रस्ता बहुतांशी त्याच आखणीवर आहे आणि चालकाला हे माहीत असणं उपयोगाचं आहे. बैलगाडीला झेपावा म्हणून चढ लांबवून सौम्य ठेवलेला आहे, त्यामुळे छोटी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ब्रेकला न त्रास देता उतरते. पण वळणंही बैलगाडीच्याच मापाची. लांब बस किंवा सहाचाकी ट्रक तीव्र वळणावर पूर्ण रस्ता व्यापतो. समोरून मोठी गाडी दिसली तर वळणाच्या अलीकडे, डोंगराच्या बाजूला थांबा. वळणात शिरून मग मागे घेणं दोघांनाही जड जातं. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम इथे अपवाद न करता पाळा.

आता पावसाबद्दल. सह्याद्रीच्या या भागात काळ्या बसाल्टचे थर एकावर एक आहेत आणि काही थरांमध्ये तांबड्या, मऊ मातीचा पट्टा असतो. माथ्यावर जांभा. भेगांतून मुरलेलं पाणी मऊ पट्ट्यावर अडतं आणि कड्यातून बाहेर येतं. त्यावरची माती आणि सुटे धोंडे फुगून घसरतात. ही झाली वरची दरड. खालची बाजू वेगळ्या कारणाने खचते. डोंगराकडेचं गटार पालापाचोळ्याने भरलं किंवा लहान व्यासाच्या नळाची मोरी एखाद्या फांदीने बंद झाली की पाणी रस्ता आडवा ओलांडून दरीच्या भरावावर पडतं. भराव आतून पोखरला जातो, वर डांबराचं कातडं शाबूत दिसतं आणि मग जड गाडीखाली कडाच बसते. 22 जुलै 2021 ला सुरू झालेल्या पावसाने महाबळेश्वरात 24 तासांत 594 मिलीमीटरची नोंद केली आणि या घाटात दोन्ही प्रकार एकदम घडले. दरडी कोसळल्या, कित्येक ठिकाणी रस्ताच वाहून गेला आणि वाहतूक ठप्प झाली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीत दरडींनी माणसं गाडली, हे या रस्त्याने जाताना विसरता येत नाही.

म्हणून पावसात डोळे डांबरावर कमी आणि गटारावर जास्त ठेवा. वाहतं गटार अचानक कोरडं दिसलं तर वर कुठेतरी पाणी अडलं आहे. तिथे थांबू नका. स्वच्छ पाणी एकाएकी लालसर गढूळ झालं, मुठीएवढे ताजे दगड रस्त्यावर दिसले, झाडं तिरकी झाली, तर मागे फिरा. दरीच्या बाजूला रस्त्याला समांतर चंद्रकोरीसारखी भेग दिसली तर त्या कडेवर चाक घालू नका, समोरच्यालाही हात करून सांगा. धबधब्याखाली फोटोसाठी गाडी उभी करणं तर सगळ्यांत वाईट, कारण पाण्याबरोबर दगडही तिथूनच येतात.

घाटाचा वरचा भाग सातारा जिल्ह्यात, खालचा रायगडमध्ये. बंदीचे आदेश दोन्हीकडून स्वतंत्र निघतात, त्यामुळे निघण्यापूर्वी दोन्ही जिल्ह्यांच्या सूचना पाहा. एका बाजूने रस्ता मोकळा आहे म्हणजे पलीकडूनही मोकळा आहे असं नाही.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. ऑटोमॅटिक गाडीत डी वर सोडून देऊ नका, एल (खालचा गिअर) किंवा मॅन्युअल मोड वापरा. ब्रेक धरून ठेवण्यापेक्षा ठाम दाबून सोडणं बरं. जळका वास आला किंवा पेडल खोल जाऊ लागलं तर रुंद जागी थांबून अर्धा तास द्या, तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, दोन वर्षांहून जुनं असेल तर याच घाटात ते उकळून दगा देऊ शकतं. वाड्याची सपाटी ब्रेक थंड करायला उत्तम आहे, चहाच्या निमित्ताने तिथे थांबाच. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी एक लक्षात घ्यावं: महाबळेश्वरला बॅटरी पूर्ण भरून निघालात तर सुरुवातीच्या उतारावर रिजनरेशन (मोटरनेच गाडी आवरून ती ऊर्जा बॅटरीत परत भरणं) जवळजवळ मिळत नाही. ऐंशी टक्क्यांच्या आसपास निघा.

धुक्यात हाय बीम बंद, लो बीम आणि फॉग लॅम्प चालू, काच किंचित उघडी म्हणजे समोरचा हॉर्न ऐकू येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही थांबलात असं वाटतं. इंधन दोन्हीपैकी एका टोकाला भरून घ्या आणि मोबाइलची रेंज मध्येमध्ये जाते हे धरून चाला.

कठड्यांबद्दल मात्र समाधान नाही. 28 जुलै 2018 ला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस याच घाटात दरीत गेली आणि तिच्यातला एकच जण वाचला. एवढ्या खोल दरीकडेला सलग, पायापासून बांधलेला कठडा हवा. भरावाच्या कडेवर नुसते लोखंडी खांब रोवलेला पत्रा पाऊस पडून माती सैल झाली की बसचं वजन पेलत नाही.

वेळेचं गणित असं: कोरड्या दिवसांत सव्वा ते दीड तास, पावसाळ्यात दोन तास धरा, नाताळच्या सुट्टीत प्रतापगड फाट्यापर्यंतच तासभर जाऊ शकतो. माल घेऊन जाणाऱ्यांनी पहाटे उजाडल्यावर निघावं. स्ट्रॉबेरीचे ट्रे वळणांवर सरकतात, म्हणून क्रेट गाडीच्या पूर्ण रुंदीत घट्ट बसवा आणि वरचा थर दोरीने आडवा बांधा. पोलादपूरहून पुढे खेडकडे जायचं असेल तर कशेडीचा बोगदा आता वेळ वाचवतो. महाडकडे जाणाऱ्यांना सरळ महामार्ग आहे. आणि जूनमधल्या पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांनंतर आठवडाभर जड गाडी इथे आणू नये: उन्हाळ्यात सुटलेले दगड आणि साचलेला पाला त्याच दिवसांत खाली येतो आणि मोऱ्या साफ आहेत की नाहीत तेही तेव्हाच कळतं.