मुंबईचं क्रिकेट, गोव्याचा फुटबॉल

मुंबई आणि गोवा यांच्यात आगगाडीची एका रात्रीची वाट. पण इथे मुलगा बॅट मागतो, तिथे फुटबॉल. असं का?

पोर्तुगीजांनी गोव्यात फुटबॉल आणला, असं सर्रास म्हणतात. ते खरं नाही. १८८३ मध्ये फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या आयरिश पाद्र्याने तो शिवोलीत शिकवला. पुढे चर्च आणि शाळांनी तो गावोगाव नेला. भात कापून झालं की मोकळ्या शेतात, धसकटं टोचत असतानाही, पोरं अनवाणी खेळत. चेंडू एक, खेळणारे वीस, खर्च जवळजवळ नाहीच. नंतर डेंपो, साळगावकर अशा उद्योजक घराण्यांनी क्लब उभे केले आणि खेळाडूंना आधार मिळाला. माझ्या मते निर्णायक ठरलं ते हेच.

मुंबईत खेळ वरून खाली झिरपला. इंग्रजांचं पाहून पारशांनी १८४८ मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला, मग हिंदू-मुस्लिम जिमखाने आले. ईर्ष्या होती, म्हणून गर्दीही होती. १९३३ मध्ये भारतातली पहिली कसोटी इथेच, बॉम्बे जिमखान्यावर झाली. आझाद मैदानावर आजही एका सामन्यातला कव्हरचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाला खेटून उभा असतो. भर पावसात, ओल्या खेळपट्टीवर कांगा लीग ही क्लबांची स्पर्धा रंगते. असल्या तालमीतूनच मुंबईने १९५८-५९ पासून सलग १५ वेळा रणजी करंडक जिंकला.

गोव्याने मात्र २०१२ मध्ये फुटबॉललाच राज्याचा खेळ ठरवलं.