अपघाताची भरपाई: कलम १६४ की १६६?
घरचा कर्ता अपघातात गेला की अशील विचारतात, वकीलसाहेब, मोटार वाहन कायद्याच्या कुठल्या कलमाखाली अर्ज करू?

१६४ मध्ये चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. रक्कम ठरलेली: मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख.

१६६ मध्ये समोरच्या चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. एफआयआर, पंचनामा, साक्षीदार, तारखाही जास्त. पण हिशेब बघा. वय ३२, स्वतःचा धंदा, महिना २० हजार, घरी चार अवलंबून. वर्षाचे २.४० लाख. सुप्रीम कोर्टाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे (२०१७) भविष्यातली वाढ ४० टक्के, म्हणजे ३.३६ लाख. त्याच कोर्टाच्या सरला वर्मा निकालाप्रमाणे (२००९) मृताच्या स्वखर्चाचा पाव हिस्सा वजा, उरलेल्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने, म्हणजे १६ ने, गुणायचं. होतात ४० लाख ३२ हजार! म्हणून घाईत सही करू नका. कलम १४९ खाली विमा कंपनीशी होणाऱ्या तडजोडीत १६४ ची रक्कम स्वीकारली की १६६ चा अर्ज संपतो.

पुरावा धड असेल आणि गेलेला माणूस तरुण, कमावता असेल तर १६६च. साक्षीदार नाही, दोष दाखवता येत नाही, त्यांनी १६४ घ्यावं. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर कलम १६१ आहे. तिथे मृत्यूला २ लाख.