जांभळी नाक्यावरचा काथ : माल चोख, पुडी कोरी

ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारात पानाचं सामान विकणारं एक जुनं दुकान आहे. आईसाठी तिथून पाव किलो काथ घेतला, चारशे रुपयांना. दुकानदारकाका वजनाला चोख. न सांगता वडी फोडून दाखवली : आतून तांबूस तपकिरी, कुठेही मातकट पट्टा नाही. घरी रात्रभर भिजवला, सकाळी तळाला गाळ जवळपास नव्हताच. चव आधी तुरट, मागाहून गोडसर. चुना लावून खाल्ल्यावर आईचं तोंड लालभडक रंगलं. म्हणाली, "हा खरा गं. आपल्याकडच्या बाजारात नुसती मातीच देतात."

मी शहापूर तालुक्यातल्या कातकरी वाडीवर वाढले, आता कळव्यात राहते. आमच्या नावातच काथ आहे, पण तो काढताना आईनेसुद्धा कुणाला पाहिलेलं नाही. ती वडी हातात धरून मी बराच वेळ बसले.

दीडशे वर्षांपूर्वी आमची माणसं पाऊस सरला की रानात खोपी बांधून राहायची. खैर तोडायचा, वरचं पांढरं लाकूड काढून टाकायचं, आतल्या लाल गाभ्याच्या ढलप्या मडक्यांत उकळत ठेवायच्या, अर्क आटला की वड्या पाडायच्या. सगळं घर त्यात राबायचं. मग १८७८ चा जंगल कायदा आला, रान 'राखीव' झालं आणि खैराला कुऱ्हाड लावणं गुन्हा ठरला. भातशेतीच्या राबासाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, टहाळ तोडणंही अडलं. गाऱ्हाणी इतकी झाली की ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांसाठी सरकारला १८८५ मध्ये आयोग नेमावा लागला. काथ मात्र आमच्या हातून गेला तो गेलाच. आमचे लोक कोळशाच्या भट्ट्यांवर मजूर झाले. आमच्या वाडीतली बरीच घरं आजही दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात, पोरांची शाळा तिथेच तुटते.

दुकानाबद्दल तक्रार एकच : पुडीवर काही लिहिलेलं नसतं. खैर कुठल्या रानातला, कुणी उकळला, विचारलं तर "उत्तरेकडचा माल" एवढंच उत्तर. एवढ्या महागाच्या वस्तूवर ते लिहिलेलं असायलाच हवं.

बाकी पान खाणाऱ्यांनी बिनधास्त घ्यावा. पावसाळ्यात ओल धरतो, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मी पुढच्या खेपेला अर्धा किलो घेणार आहे, कारण आईने उरलेला सगळा वाडीवर नेऊन वाटून टाकला.